गरोदरपण, उन्हाळा आणि हवा: आधी कॅलेंडर बसवा, मॉडेल नंतर

हवेचं प्रदूषण किंवा उष्णता यांचा गरोदरपणावर काय परिणाम होतो, हे शोधायला निघालेल्या बहुतेक विद्यार्थ्यांची सुरुवात सारखीच असते. दवाखान्याच्या प्रसूती नोंदी मिळवायच्या, प्रत्येक आईसाठी संपूर्ण गरोदरपणातल्या पीएम २.५ ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) सरासरी काढायची आणि मुदतपूर्व प्रसूती झाली की नाही यावर लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही परिणामाचं सांख्यिकी मॉडेल) चालवायचं. आकडा येतो, पी-व्हॅल्यूही (निकाल निव्वळ योगायोगाने कितपत आला असता, हे सांगणारा आकडा) छान येते. पण हवेचा प्रसूतीशी काडीचाही संबंध नसता, तरी या पद्धतीने असा आकडा आला असता.

कारण सोपं आहे. जूनच्या मध्यावर शेवटची पाळी आलेल्या दोन बायका घ्या. एकीची प्रसूती ३२ आठवड्यांनी, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस झाली. दुसरीची ४० आठवड्यांनी, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. पहिलीची सरासरी हिवाळ्याच्या धुरकट हवेवर येऊन थांबते; दुसरीच्या सरासरीत फेब्रुवारी-मार्चची तुलनेने बरी हवा मिसळते. आता पाळीची तारीख मार्चच्या मध्यावर न्या. ३२ आठवड्यांची प्रसूती ऑक्टोबरअखेर होते, ४० आठवड्यांची डिसेंबरात, आणि चित्र उलटं होतं. दोन्ही वेळा हवेने काहीच केलेलं नाही, केलंय ते कॅलेंडरने. गरोदरपण किती लांबलं हा आपला परिणाम आहे, आणि एक्सपोजर, म्हणजे हवेशी किंवा उष्णतेशी आलेला संपर्क, किती दिवस मोजायचं हेही त्याच लांबीवर ठरतंय.

या क्षेत्रातल्या निम्म्याहून जास्त चुका याच गुंत्यातून येतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख मॉडेलपासून नाही, तारखांपासून सुरू होतो. उदाहरणासाठी दोन प्रश्न सोबत ठेवू: विदर्भातल्या उन्हाळ्याने मुदतपूर्व प्रसूती वाढते का, आणि पीएम २.५ मुळे बाळाचं जन्मवजन घटतं का.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

वाक्यात चार गोष्टी हव्यात: कशाचा संपर्क, गरोदरपणाच्या कोणत्या काळात, कोणत्या परिणामावर, आणि कशाच्या तुलनेत. "उष्णतेचा गरोदरपणावर परिणाम" हा विषय झाला. "३० ते ३६ आठवड्यांच्या गरोदर बाईला सलग तीन दिवस ४४ अंशांचं कमाल तापमान सोसावं लागलं, तर ४० अंशांच्या तुलनेत त्या आठवड्यात प्रसूती होण्याची शक्यता किती बदलते" हा प्रश्न झाला. हे वाक्य लिहिलं की पुढची निम्मी पद्धत आपोआप ठरते. उष्णतेचा घाव काही दिवसांत दिसू शकतो. प्रदूषणाचा जन्मवजनावरचा परिणाम आठवडे-महिने साठत जातो. दोघांना एकाच साच्यात बसवू नका.

परिणामाची व्याख्या आधीच गोठवा. मुदतपूर्व म्हणजे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी. कमी वजन म्हणजे २,५०० ग्रॅमपेक्षा कमी. मृतजन्मासाठी आंतरराष्ट्रीय तुलनेत २८ आठवड्यांची रेषा धरतात. शक्य असेल तिथे वजन ग्रॅममध्येच ठेवा. २,४९० आणि २,५१० ग्रॅमची बाळं वेगळ्या खणात टाकून आपण हातची माहिती फेकून देतो.

मुदतपूर्व प्रसूती दोन प्रकारची असते, हेही इथेच लिहून ठेवा. एक कळा येऊन किंवा पाणी जाऊन आपोआप झालेली. दुसरी डॉक्टरांनी रक्तदाब, बाळाची वाढ किंवा इतर कारणाने ठरवून केलेली. उष्णतेने कळा सुरू होतात का हा प्रश्न असेल, तर ठरवून केलेली प्रसूती ही घटना धरायची नाही. त्या दिवशी त्या बाईची नोंद सेन्सॉर करायची, म्हणजे तिथवरच मोजून थांबवायची.

पायरी २: गर्भाचं वय तपासा

सगळा डोलारा शेवटच्या पाळीच्या तारखेवर उभा असतो आणि ती तारीख अनेकदा कच्ची असते. आपल्याकडे कित्येक बायकांना इंग्रजी तारीख नव्हे, तिथी किंवा सण आठवतो: "नागपंचमीच्या दोन दिवस आधी." ही माहिती टाकाऊ नाही. उलट चांगली आहे, फक्त त्या वर्षीचं पंचांग पाहून ती तारखेत बदलावी लागते. मुलाखत घेणाऱ्या ताईंच्या हातात सणांचं कॅलेंडर द्याच. खरी अडचण "एक तारखेला" किंवा "पंधरा तारखेला" अशा उत्तरांची आहे. पाळीच्या तारखांचा महिन्यातल्या दिवसानुसार आलेख काढा. १, १०, १५, २० या दिवसांवर उंच खांब दिसले, तर अंदाज किती झाला आहे ते लगेच कळतं.

पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी उपलब्ध असेल तर ती सर्वांत भरवशाची. पाळीची तारीख आणि सोनोग्राफी यांत साधारण ७ दिवसांहून जास्त फरक असेल तर सोनोग्राफी धरावी. पण पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या पहिल्याच सोनोग्राफीवरून वय ठरवलं असेल तर सावध राहा. तोवर प्रदूषणाने गर्भाची वाढ खुंटली असेल, तर लहान गर्भ "कमी दिवसांचा" ठरतो. मग वाढीतली खोट वयाच्या आकड्यात लपून जाते. अशा नोंदी वेगळ्या खुणेने ठेवा आणि त्यांच्याशिवाय विश्लेषण पुन्हा करा.

जन्मवजनाचाही असाच आलेख काढा. २,०००, २,५०० आणि ३,००० ग्रॅमवर ढीग दिसणारच. नेमकं २,५०० लिहिलेलं बाळ खरंच २,५०० चं होतं की २,४२० चं, याचं उत्तर "कमी वजन" हा गट कसा बनतो यावर थेट परिणाम करतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वजन कार्डवरून घेतलं की आईच्या आठवणीवरून, याची वेगळी नोंद असते, ती वापरा. तिथे गरोदरपणाचा कालावधी महिन्यांत असतो आणि बहुसंख्य उत्तरं "९" असतात. त्यावरून आठवड्यांच्या बारकाव्याचा मुदतपूर्व प्रसूतीचा अभ्यास करू नका. तिथला जन्मवजनाचा अभ्यास चालेल.

पायरी ३: बायका निवडायच्या पाळीच्या तारखेवरून, प्रसूतीच्या नव्हे

हा मुद्दा सावकाश वाचावा, कारण इथली चूक फाइल पाहून दिसत नाही.

समजा तुमच्याकडे १ जानेवारी २०१८ ते ३१ डिसेंबर २०२२ या काळातल्या सगळ्या प्रसूती आहेत. फाइल पूर्ण वाटते. पण १० एप्रिल २०१७ ला शेवटची पाळी आलेल्या बायका बघा. १ जानेवारीला त्यांचे ३८ आठवडे पूर्ण झाले होते. त्यांच्यातल्या ज्यांची मुदतपूर्व प्रसूती झाली ती २०१७ मध्येच झाली, म्हणजे तुमच्या फाइलमध्ये नाही. त्या तारखेच्या गटात फक्त पूर्ण दिवसांची बाळं दिसणार. आता दुसरं टोक: २३ एप्रिल २०२२ ला पाळी आलेल्या बायकांचे ३१ डिसेंबरला ३६ आठवडे होतात. त्यांच्यातल्या फक्त मुदतपूर्व प्रसूतीच तुमच्या हाती आहेत, बाकीच्या २०२३ मध्ये झाल्या. एका टोकाला मुदतपूर्व शून्य, दुसऱ्या टोकाला शंभर टक्के. आणि दोन्ही टोकांना गरोदरपण ठरावीक ऋतूंमधून गेलेलं. ऋतूशी बांधलेलं कुठलंही एक्सपोजर, तापमान असो वा पीएम २.५, या दोन टोकांमुळे खोटा संबंध दाखवू शकतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली या दोषाकडे लक्ष वेधलं. इंग्रजीत त्याला फिक्स्ड कोहॉर्ट बायस म्हणतात.

उपाय फुकट आहे. तुमच्या नोंदीतलं सर्वांत लहान गरोदरपण २२ आठवड्यांचं आणि सर्वांत लांब ४३ आठवड्यांचं असेल, तर पाळीची तारीख सुरुवातीच्या २२ आठवडे आधीपासून अखेरीच्या ४३ आठवडे आधीपर्यंत असलेल्याच बायका घ्यायच्या. वरच्या उदाहरणात ३१ जुलै २०१७ ते ५ मार्च २०२२. या खिडकीतल्या प्रत्येक गरोदरपणाचा शेवट, लवकर होवो की उशिरा, फाइलमध्ये असतो. शक्यतो खिडकी पूर्ण वर्षांची करा, म्हणजे प्रत्येक ऋतूत पाळी आलेल्या बायका सारख्याच वेळा येतील. नमुना लहान होतो म्हणून हळहळ वाटते, पण फेकलेल्या त्या नोंदी मदत करणाऱ्या नव्हत्याच.

पायरी ४: बाई नेमकी कुठे होती?

पीएम २.५ साठी साधारणपणे तीन वाटा असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रं नेमकं मोजतात, पण ती मोजकी आणि मुख्यतः शहरांत आहेत. उपग्रहांवर आधारित अंदाज गावोगाव पोचतात, पण आपल्याकडे पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाची निरीक्षणं गळतात आणि ती जागा मॉडेल भरून काढतं. तिसरी वाट बाईच्या अंगावर मोजयंत्र लावण्याची. ती सर्वांत खरी आणि सर्वांत महाग. तापमानासाठी ईआरए५-लँड या हवामान संचासारखा तासागणिक आणि सुमारे ९ किलोमीटर जाळीचा विदा (डेटा) मोफत मिळतो. फक्त कमाल तापमान घेऊन थांबू नका. रात्रीचं किमान तापमान आणि आर्द्रताही घ्या, कारण पत्र्याखाली झोपणाऱ्या बाईला रात्रही सोडत नाही.

चुलीचा धूर मात्र आकाशातून दिसत नाही. घरात चूल आहे की गॅस, स्वयंपाकघर वेगळं आहे का, आंघोळीचं पाणी कशावर तापतं, हे प्रश्न विचारावेच लागतात. गॅसची शेगडी आहे एवढ्या उत्तरावर थांबू नये. पुष्कळ घरांत गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवर, असंच चालतं.

मग पत्ता. परदेशी अभ्यासांत नोंदणीच्या वेळचा पत्ता धरून चालतात आणि थोडे लोक घर बदलतात म्हणून चूक लहान राहते, असं मानतात. महाराष्ट्रात हे गृहीतक उचलून चालणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्या महिन्याच्या आसपास, डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते. म्हणजे तिसऱ्या तिमाहीचं एक्सपोजर सासरच्या पत्त्यावरून काढलं, तर पहिलटकरणींच्या बाबतीत ते सरसकट चुकतं, आणि पहिल्या बाळाचं सरासरी वजन तसंही थोडं कमी असतं. चूक आणि परिणाम एकाच गटात जमा झाले. चुकीचा हा सर्वांत वाईट प्रकार. त्यामुळे प्रश्नावलीत "माहेरी कधी गेलात, कुठलं गाव, परत कधी" हे तीन रकाने हवेतच.

बीड किंवा अहिल्यानगरच्या ऊसतोड कुटुंबांचं गणित आणखी वेगळं आहे. दिवाळीच्या सुमारास ती कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पाचटाच्या कोपीत राहतात. गरोदर बाई पहाटेपासून मोळ्या वाहते. तिचं नाव गावच्या आशाताईंच्या यादीत, शरीर मात्र दोनशे-तीनशे किलोमीटर दूर. गावचं तापमान तिच्या नावापुढे लिहिणं म्हणजे नोंदींत तिला हजर दाखवणं आणि प्रत्यक्षात वगळणं. फड कुठे होता हे विचारा. जिल्हा जरी कळला तरी पुष्कळ झालं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या सार्वजनिक सर्वेक्षणाचा विदा वापरणार असाल, तर गोपनीयतेसाठी समूहांचे (सर्वेक्षणात निवडलेल्या गावांचे किंवा वस्त्यांचे) अक्षांश-रेखांश मुद्दाम हलवलेले असतात: शहरी २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ पर्यंत, आणि ग्रामीणपैकी १ टक्का १० पर्यंत. त्यामुळे "हमरस्त्यापासून ३०० मीटर" असलं एक्सपोजर त्यावर काढू नये.

पायरी ५: मुदतपूर्व प्रसूतीसाठी आठवड्यांचा तक्ता

आता सुरुवातीच्या गुंत्याचं उत्तर. एका बाईची एक ओळ ठेवण्याऐवजी प्रत्येक आठवड्याची एक ओळ करा. २२ व्या आठवड्यापासून ३६ व्या आठवड्यापर्यंत, ती गरोदर आहे तोवर. प्रत्येक ओळीत: गर्भाचं वय, तो कॅलेंडरमधला आठवडा, त्या आठवड्याचं आणि आधीच्या आठवड्यांचं एक्सपोजर, आणि त्या आठवड्यात प्रसूती झाली का, हो किंवा नाही. ३७ वा आठवडा गाठला की ती सुखरूप बाहेर पडते. १०,००० बायकांच्या जास्तीत जास्त दीड लाख ओळी होतात. साधा लॅपटॉप त्या सहज पेलतो.

या तक्त्यावर कॉम्प्लिमेंटरी लॉग-लॉग किंवा साधं लॉजिस्टिक मॉडेल चालवा; दोन्ही हो-नाही परिणामासाठीच आहेत. गर्भाचं वय वक्ररेषेने, म्हणजे स्प्लाइनने घाला, कारण ३५ व्या आठवड्यात प्रसूतीची शक्यता २५ व्यापेक्षा कितीतरी जास्त असते. आता तुलना न्याय्य झाली: ३३ व्या आठवड्यात प्रसूत झालेली बाई त्याच ३३ व्या आठवड्यात अजून गरोदर असलेल्या बायकांशी तोलली जाते, आणि दोघींचंही एक्सपोजर तेवढ्याच काळाचं मोजलं जातं. कॉक्स मॉडेल (घटना होईपर्यंतच्या वेळेचं मॉडेल) वापरायचं असेल तर वेळेची अक्षरेषा गर्भाचं वय ठेवा आणि एक्सपोजर काळानुसार बदलणारं. आर या संगणकभाषेतल्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये हे दोन-तीन ओळींत होतं.

ऋतू कसा हाताळायचा, यावर मतभेद आहेत. पाळीचा महिना घालावा की प्रसूतीच्या वेळचा? मी दोन्ही टोकं धरत नाही. चालू कॅलेंडर-आठवड्याचा गुळगुळीत वक्र आणि वर्षांचा कल घालतो, मग पाळीच्या महिन्यासह पुन्हा तपासतो. उत्तर दोन्हींत फार बदललं तर तो बदलच वाचकाला सांगण्याजोगा निष्कर्ष असतो.

पायरी ६: कोणता काळ नाजूक?

तिमाहींच्या सरासऱ्या सोयीच्या वाटतात. पहिली तिमाही एका मॉडेलात, दुसरी दुसऱ्यात, तिसरी तिसऱ्यात, आणि ज्यात तारांकन (लहान पी-व्हॅल्यूची खूण) आलं तो "नाजूक काळ". असं करू नका. आपल्या हवेत ऋतूंची लय इतकी ठळक आहे की पहिल्या तिमाहीत हिवाळा आला तर तिसऱ्यात उन्हाळा-पावसाळा येणारच. तिमाही एकमेकींशी बांधलेल्या असतात, त्यामुळे वेगवेगळ्या मॉडेलांत एकीचा परिणाम दुसरीच्या नावावर चढतो, कधी उलट्या चिन्हानेही. तिन्ही एकत्र घालणं ही किमान अट.

त्याहून चांगलं म्हणजे डिस्ट्रिब्यूटेड लॅग मॉडेल. त्यात प्रत्येक आठवड्याचं एक्सपोजर एकाच मॉडेलात जातं. शेजारचे आठवडे इतके सारखे असतात की प्रत्येकाला मोकळा गुणांक दिला तर गुणांक वर-खाली उड्या मारतात. म्हणून ते गुळगुळीत वक्रावर राहतील असं बंधन घालतात. अँटोनियो गॅस्पारिनी यांच्या डीएलएनएम पॅकेजने हे काम सोपं केलं आणि त्यात तापमानासारख्या वळणदार संबंधालाही जागा आहे. जन्मवजनासाठी १ ते ३६ आठवड्यांचा लॅग-वक्र (आठवड्यागणिक परिणामाचा वक्र) काढा, विश्वासपट्ट्यासह (कॉन्फिडन्स इंटरव्हलसह) छापा, आणि पट्टा शून्याच्या एका बाजूला गेलेला एखादा आठवडा पकडून त्यावर मथळा लिहू नका. वक्राचा आकार आणि सगळ्या आठवड्यांची एकत्रित बेरीज, या दोन गोष्टी बोलतात. बंधनाची ताकद बदलून, म्हणजे स्प्लाइनचे सांधे कमी-जास्त करून, आकार टिकतो का पाहा.

काळ चुकला तर उत्तम प्रयोगही अपुरा राहतो, याचं मोठं उदाहरण म्हणजे ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा या चार देशांत झालेला हापिन प्रयोग. भारतातलं केंद्र तामिळनाडूत होतं. सुमारे ३,२०० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून गॅसची शेगडी आणि इंधन मोफत दिलं. त्यांच्या श्वासातला पीएम २.५ सुमारे २४ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर राहिला, बाकीच्या बायकांचा सुमारे ७१. २०२२ मध्ये निकाल जाहीर झाला: जन्मवजनातला फरक सुमारे २० ग्रॅम आणि विश्वासपट्ट्यात शून्य. बायका ९ ते २० आठवड्यांच्या असताना प्रयोगात आल्या होत्या. त्यामुळे "गॅसने फायदा नाही" असं म्हणण्याआधी, गर्भधारणेपूर्वीचा आणि पहिल्या काही आठवड्यांचा धूर या प्रयोगाने तपासलेलाच नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

पायरी ७: उष्णतेसाठी केस-क्रॉसओव्हर, पण डोळे उघडे ठेवून

दोन-तीन दिवसांच्या परिणामासाठी ही लाडकी पद्धत आहे. प्रसूतीच्या दिवसाची तुलना त्याच महिन्यातल्या त्याच वारांशी करायची. बाईची तुलना तिच्याशीच होते, म्हणून शिक्षण, उंची, गरिबी असे न बदलणारे घटक आपोआप बाद होतात. वार जुळवल्याने रविवारी ठरवलेली सिझेरियन कमी होतात, हा मुद्दाही सुटतो. आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते: अमावास्या टाळून किंवा मुहूर्त पाहून ठरवलेली सिझेरियन. हा वाराचा नव्हे, तिथीचा ठसा आहे आणि वार जुळवून तो जात नाही. म्हणून ही पद्धत आपोआप सुरू झालेल्या प्रसूतींपुरतीच ठेवावी, हे बरं.

मोठी अडचण वेगळीच आहे. गरोदरपण दिवसागणिक पुढे सरकतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या तुलनेच्या दिवशी बाई ३१ आठवड्यांची होती, आज ३४. शिवाय वर्षाच्या ठरावीक काळात गर्भधारणा जास्त होतात, त्यामुळे मे महिन्यात ३० ते ३६ आठवड्यांच्या बायका मुळातच जास्त असू शकतात. अशा वेळी पायरी ५ चा तक्ता आठवड्यांऐवजी दिवसांचा करा, किंवा रोजच्या प्रसूतींच्या मालिकेत त्या दिवशी गर्भाच्या त्या त्या वयाच्या किती बायका गरोदर होत्या, तो आकडा ऑफसेट (तुलनेचा पाया) म्हणून घाला. दोन्ही पद्धतींचं उत्तर शेजारी ठेवा.

पायरी ८: काय जुळवायचं आणि काय मुळीच नाही

कशामुळे काय घडतं ते दाखवणारं बाणांचं चित्र कागदावर काढल्याशिवाय या पायरीला हात लावू नका. आईची उंची, गरोदरपणाआधीचं वजन, कितवं बाळ, शिक्षण, जात, घराची स्थिती, तंबाखू-मिशरी: हे एक्सपोजरच्या आधीचे आणि दोन्हीकडे बाण जाणारे घटक. हे जुळवा, म्हणजे मॉडेलात घाला. मिशरीचा प्रश्न धूम्रपानाच्या प्रश्नात बसत नाही. तो वेगळा विचारा.

गरोदरपणातला रक्तदाब, गरोदरपणात वाढलेलं वजन आणि प्रसूतीच्या वेळचं गर्भाचं वय हे एक्सपोजर आणि परिणाम यांच्या वाटेतले घटक आहेत, ते जुळवू नका. जन्मवजनाच्या मॉडेलात गर्भाचं वय घातलं की प्रश्नच बदलतो, आणि नकळत नव्या चुकीला दार उघडतं. जेकब येरुशाल्मी यांनी १९७१ मध्ये दाखवलेला विरोधाभास प्रसिद्ध आहे: कमी वजनाच्या बाळांपुरतं पाहिलं तर सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांचा मृत्युदर कमी दिसतो. सिगारेटने बाळ वाचत नाही. ज्यांच्या आया ओढत नाहीत आणि तरीही ज्यांचं वजन कमी आहे, त्या बाळांच्या मागे बहुतेकदा जास्त गंभीर कारण असतं, म्हणून तसं दिसतं. वाटेतल्या घटकावर गट पाडले की हे होतं.

मग उरलेल्या, न मोजलेल्या घटकांचं काय? एक साधी चाचणी प्रत्येकाने करावी: प्रसूतीनंतरच्या तीन महिन्यांचं प्रदूषण मॉडेलात घाला. बाळ जन्मल्यावरची हवा जन्मवजन बदलू शकत नाही. तिथेही संबंध दिसला तर ऋतू किंवा गरिबी नीट जुळलेली नाही.

दुसरी वाट नैसर्गिक प्रयोगांची. २००८ च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगने कारखाने आणि वाहनं रोखली. ज्या बाळांचा आठवा महिना त्या काळात आला, ती आधीच्या आणि नंतरच्या वर्षी त्याच तारखांना आठवा महिना आलेल्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमने जड होती. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या टोलनाक्यांवर न थांबता पैसे भरायची सोय झाली, तेव्हा २ किलोमीटरच्या आतल्या आयांमध्ये, थोड्या दूरच्या आयांच्या तुलनेत, मुदतपूर्व प्रसूती सुमारे ११ टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे फास्टॅग आला, उज्ज्वलाचे सिलिंडर आले, टाळेबंदीही झाली. प्रत्येकात प्रश्न दडला आहे. टाळेबंदीचा वापर मात्र जपून करा. तेव्हा हवेबरोबर दवाखान्यात जाणं, खाणं, उत्पन्न सगळंच बदललं होतं.

पायरी ९: जी बाळं फाइलमध्ये नाहीत

या पायरीकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. आपल्या बहुतेक नोंदी जिवंत जन्मांच्या असतात. समजा दोन गावं आहेत आणि प्रत्येकी १,००० गर्भधारणा. दोन्हीकडे १०० गर्भ नाजूक. स्वच्छ हवेच्या गावात त्यांतले २० गळतात, प्रदूषित गावात ६०. स्वच्छ गावात उरलेल्या ८० नाजूक गर्भांपैकी निम्मे, म्हणजे ४०, मुदतपूर्व जन्मतात. प्रदूषित गावात उरलेल्या ४० पैकी तीन चतुर्थांश, म्हणजे ३०. बाकी सगळी बाळं पूर्ण दिवसांची. जिवंत जन्मांत मुदतपूर्वचं प्रमाण स्वच्छ गावात ९८० पैकी ४०, म्हणजे ४.१ टक्के, आणि प्रदूषित गावात ९४० पैकी ३०, म्हणजे ३.२ टक्के. प्रदूषणाने दोन्ही प्रकारे नुकसान केलं, आणि फाइल सांगते की प्रदूषित गाव बरं.

उपाय अर्धेच आहेत, पण ते करावेत. मृतजन्म वगळू नका. नोंदणीपासूनच बायकांचा माग ठेवा, आणि ज्यांची नोंद मध्येच तुटली त्यांना भेटा, कारण गर्भपात झालेली बाई पुढच्या तपासणीला येत नाही. तेही शक्य नसेल, तर पाळीच्या आठवड्यागणिक किती जिवंत जन्म झाले, हाच परिणाम मानून मालिका बघा. उन्हाळ्यात पहिली तिमाही आलेल्या गटातून जन्म कमी येत असतील, तर गळती तिथे आहे. आणि वरच्यासारखे आकडे संगणकावर हजारदा फिरवून, किती गळती असती तर आपला निष्कर्ष पालटला असता, हे लेखात छापा.

पायरी १०: अनेक प्रदूषकं एकत्र

इथे थोडक्यात. पीएम २.५ आणि नायट्रोजन डायऑक्साइड एकाच धुराड्यातून येत असतील तर त्यांचे वेगळे गुणांक मागणं हट्टाचं आहे. मिश्रणाचा एकत्रित परिणाम विचारा. त्यासाठीच्या पद्धतींपैकी क्वांटाइल जी-कॉम्प्युटेशन समजायला सोपी, बेझियन कर्नल मशीन रिग्रेशन वळणं आणि परस्परक्रिया पकडायला चांगलं. नमुना काही शेकड्यांचा असेल तर दोन्ही नका वापरू.

पायरी ११: आकडा लिहिताना

एकाच गावातल्या, एकाच आईच्या बाळांच्या नोंदी स्वतंत्र नसतात, तेव्हा प्रमाणत्रुटी (स्टँडर्ड एरर) समूहानुसार काढा. हवेचा फरक त्या भागात खरोखर आढळेल असाच घ्या. तामिळनाडूत १,२८५ गरोदर बायकांच्या कोहॉर्टमध्ये (माग ठेवलेल्या गटात) पीएम २.५ दर १० मायक्रोग्रॅमला जन्मवजन ४ ग्रॅमने कमी आढळलं. चार ग्रॅम ऐकून लोक खांदे उडवतात. पण आपलं वार्षिक राष्ट्रीय मानक ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासूनचं ५, आणि प्रत्येक बाळ हीच हवा घेणाऱ्या आईच्या पोटी वाढतं. सरासरी थोडीशी डावीकडे सरकली की २,५०० च्या रेषेवर उभी असलेली कितीतरी बाळं रेषेखाली जातात. म्हणून ग्रॅमसोबत दर १,००० जन्मांमागे किती बाळं, हे लिहाच.

निष्कर्षाचं वाक्य साधारण असं असावं: "अमुक ते अमुक तारखांदरम्यान शेवटची पाळी आलेल्या, अमुक तालुक्यांतल्या बायकांमध्ये, गर्भाच्या ३० ते ३६ आठवड्यांत सलग तीन दिवस ४४ अंश कमाल तापमान असल्यास, ४० अंशांच्या तुलनेत, आपोआप प्रसूतीची शक्यता इतकी पट, विश्वासपट्टा इतका, माहेरी गेलेल्या बायकांचा पत्ता दुरुस्त केल्यावर इतकी, गळतीचं गृहीतक बदलल्यावर इतकी ते इतकी." आणि हेच आकडे ज्या आशाताईंनी उन्हातान्हात फिरून पाळीच्या तारखा गोळा केल्या, त्यांच्या मासिक बैठकीत मराठीत मांडा. उन्हाच्या कोणत्या आठवड्यांत कोणत्या महिन्याच्या बायकांकडे आधी जायचं, ही यादी त्यांच्या हातात पडली पाहिजे. गरोदर बाईला "उन्हात जाऊ नका" एवढंच सांगून तिच्यावर दोष टाकणारं पत्रक छापू नका. रोजगार हमीच्या कामाच्या वेळा आणि फडावरची सावली तिच्या हातात नसते, ती ज्यांच्या हातात आहे त्या कार्यालयांना अहवाल पाठवा.